महापालिकेसमोरच्या खांबाचा निर्णय सभागृहाने घ्यावा: बेळगावच्या नगरसेवकांना खुले पत्र

सन्माननीय महापौर, उपमहापौर आणि बेळगाव महानगरपालिकेच्या अठ्ठावन्न प्रभागांतील सर्व नगरसेवक बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

सुभाषनगरातील महापालिका कार्यालयासमोर २८ डिसेंबर २०२० रोजी कन्नड संघटनांच्या कार्यकर्त्यांनी खांब रोवला आणि त्यावर लाल-पिवळा झेंडा चढवला. त्यानंतर मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, बंदोबस्त लागला. दोन्ही बाजूंनी बोलायचे ते बोलून झाले. ज्यांच्या दारात हा खांब उभा राहिला त्या सभागृहाने मात्र यावर ठराव करावा आणि तो उघडपणे करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी वडगावचा. घरी मराठी, मागावर कन्नड, बाजारात जे समोर येईल ते. वडगाव-खासबागच्या मागांवर साडी विणणाऱ्यांत कन्नड देवांग आहेत तसे मराठीही आहेत, आणि सुताचा भाव चढला की दोघांचेही सारखेच नुकसान होते. मी मराठी आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना कुणाला शंका राहणार नाही. माझी मागणी अशी की महापालिकेच्या इमारतीवर आणि आवारात फक्त तिरंगा असावा. लाल-पिवळा तिथे नको. तो काढल्यावर त्या जागी भगवा नको, आणि शेजारी दुसरा खांब रोवून तर मुळीच नको. यातल्या शेवटच्या वाक्याने माझ्याच गल्लीतली काही माणसे दुखावतील, तरी लिहिणे भाग आहे.

आधी तारीख पाहा. मागच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली होती. निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकाच्या हाती होता. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर-उपमहापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. म्हणजे खांब रोवला गेला त्या दिवशी या शहराला निवडलेले सभागृहच नव्हते. कुठल्या नगरसेवकाने हात वर करून त्याला मान्यता दिलेली नाही, कुणी विरोधात मतही दिलेले नाही. एका मोठ्या शहराच्या मुख्य कार्यालयासमोर कायमचा झेंडा लागला, आणि त्या शहराला कुणी काही विचारलेच नाही. माझी पहिली तक्रार ही आहे. झेंडा कुठल्या रंगाचा, हा प्रश्न त्यानंतरचा. त्या दिवशी मराठी पोरांनी जाऊन भगवा लावला असता, तरी मी हेच पत्र लिहिले असते.

प्रशासनाची मापे सर्वांना सारखी असावीत, ही अपेक्षा जास्त आहे का? बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक वर्षानुवर्षे होता. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तो हटवण्यात आला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, तर पुन्हा पाडला गेला, आणि मग पोलिसांनी घरात शिरून कशी मारहाण केली हे येळ्ळूरकर आजही विसरलेले नाहीत. सार्वजनिक जागेत विनापरवाना उभारलेली गोष्ट म्हणून फलक जाणार असेल, तर सार्वजनिक जागेत विनापरवाना रोवलेल्या खांबाला वेगळा न्याय का? हा प्रश्न सभागृहात विचारायला मराठी असण्याची गरज नाही.

आता लाल-पिवळ्याबद्दल. हा झेंडा कन्नड चळवळीचा आहे. साठच्या दशकात कन्नड कार्यकर्ते मा. राममूर्ती यांनी तो पुढे आणला आणि लाखो कन्नड माणसे त्याला मनापासून मानतात. राज्योत्सवाला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्याने रस्ता भरून जातो, त्यात आमच्या मागावरची पोरेही असतात, आणि तिथे त्या झेंड्याला दिमाख शोभतो. पण तो कर्नाटक राज्याचा अधिकृत ध्वज नाही. २०१२ मध्ये राज्य सरकारने तो सरकारी इमारतींवर लावायचे ठरवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. मार्च २०१८ मध्ये सिद्धरामय्या सरकारने राज्यासाठी ध्वजाचा जो नमुना मांडला, त्यात पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन पट्टे आणि मधे गंडभेरुंड हा दोन तोंडांचा पक्षी होता. त्यालाही केंद्राची मान्यता मिळाली नाही. म्हणजे राज्य सरकारला स्वतःचा म्हणून जो ध्वज हवा होता, तोसुद्धा या खांबावर नाही. बेंगळुरूच्या विधानसौधावर तिरंगा आहे. इथल्या सुवर्ण विधानसौधावरही तिरंगाच आहे. राज्याचे विधिमंडळ एका तिरंग्यावर समाधानी असताना महापालिकेलाच जास्तीचा झेंडा कशाला हवा?

कन्नड नगरसेवकांना या ठिकाणी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुमच्या भावनेला कारण आहे, हे मला कळते. ज्या राज्यात आपण राहतो त्याच राज्यातल्या पालिकेत अनेक दशके मराठी बहुमत, सभागृहात मराठी भाषणे, आणि २००५ मध्ये तर महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव. या सगळ्यात इथल्या कन्नड माणसाला आपल्याच शहरात आपण पाहुणे असल्यासारखे वाटले असेल. त्या ठरावानंतर महापौरांच्या तोंडाला बेंगळुरूत काळे फासण्यात आले आणि सभागृहच बरखास्त झाले. ते आम्हाला आजही सलते. दोन्ही बाजूंच्या जखमा खऱ्या आहेत. पण २०२१ ची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली, अठ्ठावन्नपैकी पस्तीस जागा भाजपला मिळाल्या, आणि या पक्षाच्या बाकावर मराठी आणि कन्नड नगरसेवक शेजारी बसतात. जुन्या भीतीने रोवलेला खांब आजच्या सभागृहाने वारसा म्हणून सांभाळायचे कारण नाही.

आणि आता भगवा, आमचा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर गल्लीगल्लीतून भगवा नाचतो, तेव्हा मीही त्यात असतो. वारीत तो खांद्यावर असतो. त्याच्यावर माझे प्रेम आहे, म्हणूनच तो सरकारी खांबावर सूड म्हणून चढवला जावा असे मला वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कोल्हापूरचे शिवसैनिक पालिकेवर भगवा लावायला निघाले आणि शिनोळीच्या हद्दीवर त्यांना अडवण्यात आले. समजा नसते अडवले, तर? दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दुकानाची काच फुटली असती, आणि ते दुकान खडेबाजारातले असते, कोल्हापुरातले नसते.

महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आणि इतर मराठी नगरसेवकांनी मुंबईकडे पाहावे. शिवसेनेची मुंबई महापालिकेत १९९७ पासून २०२२ पर्यंत सलग सत्ता होती. निवडणुकीत ‘महापालिकेवर भगवा’ ही घोषणा दर वेळी होती. पण बोरीबंदरसमोरच्या त्या दगडी इमारतीवरच्या ध्वजस्तंभावर पंचवीस वर्षे तिरंगाच राहिला. मंत्रालयावरही तिरंगाच आहे. महाराष्ट्रालाही स्वतःचा वेगळा अधिकृत राज्यध्वज नाही. खुद्द मुंबईत जे मराठी माणसाला मागावेसे वाटले नाही, ते बेळगावात मागून सीमालढा एक इंचही पुढे सरकणार नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे कागदपत्रे, जनगणना आणि राज्यघटना बोलेल. सुभाषनगरात कोणता झेंडा होता, हे तिथे कुणी विचारणार नाही.

‘तो काढा, नाहीतर आम्हालाही लावू द्या’ ही मागणी ऐकायला समान न्यायाची वाटते. मला ती सर्वांत धोक्याची वाटते. दोन खांब झाले की उंचीवरून भांडण. मग दर पावसाळ्यानंतर कुणाचा झेंडा आधी बदलला, कुणाचा विटका ठेवला, यावरून भांडण. मग निळा झेंडा मानणारे विचारतील, आमचा का नाही? त्यांचे काय चुकेल? लिंगायत मठ आहेत, जैन बस्त्या आहेत, उर्दू बोलणारे मोठे मोहल्ले आहेत. कुणाला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने हा अनुभव घेतला आहे. तिथल्या सिटी हॉलसमोर तीन खांब आहेत, आणि तिसऱ्यावर एरवी शहराचा झेंडा असे. २००५ ते २०१७ या काळात शहराने मागेल त्याला कार्यक्रमापुरता तो खांब दिला. २८४ वेळा दिला आणि एकदाही नकार दिला नाही. मग २०१७ मध्ये एका गटाने ख्रिस्ती ध्वज लावायची परवानगी मागितली आणि शहराने पहिल्यांदा नाही म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २०२२ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी शहराच्या विरुद्ध निकाल दिला. कोणता झेंडा लागावा हे तुम्ही कधी ठरवलेच नाही, मग या खांबावरून शहर स्वतः बोलते असे तुम्हाला म्हणता येणार नाही, आणि एकाला धर्मामुळे वगळताही येणार नाही, असा त्याचा आशय. त्यानंतर बॉस्टनने नियम लिहिला की महापौरांची घोषणा किंवा नगरपरिषदेचा ठराव असल्याशिवाय झेंडा लागणार नाही. आधी लिहिला असता तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

मला अधिक जवळचे उदाहरण वाटते ते उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे. आपल्यासारखेच दोन मनांचे शहर, आणि तिथे तर भांडणात माणसे मेलेली. बेलफास्ट सिटी हॉल १९०६ मध्ये बांधून झाला आणि तेव्हापासून त्यावर ब्रिटनचा युनियन जॅक वर्षाचे सगळे दिवस फडकत असे. ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंट युनियनिस्टांना तो आपल्या अस्तित्वाची खूण वाटे. आयर्लंडशी एक होऊ पाहणाऱ्या कॅथलिक राष्ट्रवाद्यांना तो रोजचा टोमणा वाटे. दोन्ही लावा नाहीतर एकही नको, ही भाषा तिथेही झाली. शेवटी ३ डिसेंबर २०१२ रोजी नगरपरिषदेत मतदान झाले. सिन फेन आणि एसडीएलपी या राष्ट्रवाद्यांच्या पक्षांना झेंडा पूर्ण उतरवायचा होता, युनियनिस्टांना तो रोज हवा होता. अलायन्स नावाचा लहान पक्ष मधे उभा राहिला आणि म्हणाला, ठरलेल्या दिवशीच लावा, वर्षातून साधारण अठरा दिवस. २९ विरुद्ध २१ मतांनी तो तोडगा मंजूर झाला.

त्या रात्री जमाव सिटी हॉलच्या आवारात घुसला. पुढे कित्येक महिने रस्ते अडवले गेले, पोलीस जखमी झाले, अलायन्सचे एक कार्यालय पेटवून देण्यात आले, त्यांच्या खासदार नेओमी लाँग यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तरीही त्या पक्षाने मत फिरवले नाही आणि नगरपरिषदेने ठराव मागे घेतला नाही. ठरलेल्या दिवसांचा नियम टिकला. बेलफास्टचा तोडगा जसाच्या तसा आपल्याला लागू पडत नाही, कारण तिथे देशाचाच ध्वज वादात होता. आपल्याकडे तिरंग्याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही, म्हणजे आपले काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे. मला तिथून एवढेच घ्यायचे आहे की निर्णय निवडून आलेल्यांनी, नावानिशी मत नोंदवून घेतला, आणि लोक चिडले तरी त्याच्या मागे उभे राहिले. तुमच्यातला कोण त्या लहान पक्षासारखा मधे उभा राहील, याची मी वाट पाहतो आहे.

काही जण म्हणतील, लाल-पिवळा तिरंग्यापेक्षा खाली आहे, मग ध्वजसंहितेचा भंग कुठे झाला? भारतीय ध्वजसंहिता २००२ सांगते की राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज नसावा. खांबाची उंची मोजून यातून सुटका होत असेलही. पण हीच संहिता उच्च न्यायालये, सचिवालये, जिल्हाधिकारी कार्यालये आणि नगरपालिका यांचा एकत्र उल्लेख करते, ज्यांच्यावर राष्ट्रध्वज असावा अशा महत्त्वाच्या सार्वजनिक इमारती म्हणून. नगरपालिकेला तो मान आहे. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर कुणी उद्या खांब रोवला तर तो किती तास टिकेल?

तिरंग्याबद्दलही थोडे बोलू द्या, कारण माझा जन्म सुतात गेला. किल्ला तलावाजवळ २०१८ मध्ये आपण ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला, देशातल्या सर्वांत उंचांपैकी एक. एवढे मोठे कापड बेळगावच्या वाऱ्यात आणि पावसात टिकत नाही. वाऱ्याकडची कड आधी उसवते, मग शिवण, मग पट्टाच फाटतो. पालिकेच्या छतावर नेमक्या मापाचा खादीचा ध्वज असावा आणि तो कधीही विटका, फाटका दिसू नये, यासाठी वर्षाचा हिशेब धरून तरतूद करा. तो खादीचा ध्वज आणायला लांब जायची गरज नाही. हुबळीजवळ बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. त्यांच्यासाठी कापड बागलकोट जिल्ह्यातल्या तुळसीगेरीत विणले जाते, आणि कामाला बहुतेक बायका आहेत. दोन्ही बाजूंना छापलेले चक्र एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजे, चोवीसही आरे जुळले पाहिजेत, सूत ठरल्या जाडीचेच हवे. त्यात फरक पडला की ध्वज बाद होतो. डिसेंबर २०२१ मध्ये संहिता बदलून यंत्रावरच्या पॉलिस्टरलाही परवानगी मिळाली आणि स्वस्त झेंड्यांचा पूर आला. त्या बायकांच्या हाताला काम कमी झाले. महाराष्ट्रात असेच काम नांदेडची मराठवाडा खादी समिती करते. हुबळीहून घ्या, नांदेडहून घ्या, मला दोन्ही आपलेच. पण पॉलिस्टर आणू नका.

याच जिल्ह्यातल्या हुदलीला गंगाधरराव देशपांड्यांनी खादीचे काम उभे केले. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरले, त्यामागे त्यांचे कष्ट होते. घरची भाषा मराठी, आणि कर्नाटकाने त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हटले. तेव्हाही इथे दोन भाषा होत्याच.

मराठी नगरसेवकांनो, तुमची ताकद कुठे लागायला हवी तेही सांगतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे संरक्षण देशपातळीवर कधीच ठरलेले आहे. राज्यघटनेचे कलम ३५० कुठल्याही माणसाला आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क देते. माझ्या शेजारच्या आजींना घरपट्टीची नोटीस आली की त्या ती घेऊन कन्नड वाचता येणाऱ्याच्या शोधात निघतात. नातू मिळाला तर ठीक, नाहीतर किराणावाल्याकडे. नोटिशीत मुदत काय, दंड किती, सही कुठे करायची, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळते. सभेची विषयपत्रिका मराठीतही द्या, ही मागणी वर्षानुवर्षे करावी लागते. भगव्यासाठी जेवढी माणसे रस्त्यावर उतरतात, त्याच्या निम्मी या नोटिशीसाठी उतरली असती तर आजींची पायपीट थांबली असती. आणि कन्नड नगरसेवकांनो, आजींच्या नोटिशीवर कन्नडखाली चार ओळी मराठी छापल्याने कन्नडचे काय कमी होणार आहे? खांबाबद्दल तुमच्याकडून मन मोठे करायची अपेक्षा आहे, तशीच याबद्दलही आहे.

ठरावाचा मसुदा पुढे देत आहे. शब्द तुम्ही बदला, गाभा ठेवा.

‘महापालिकेची मुख्य इमारत, विभागीय कार्यालये आणि त्यांचे आवार व दर्शनी भाग येथे राष्ट्रध्वजाखेरीज कोणताही भाषिक, धार्मिक किंवा पक्षीय ध्वज कायमस्वरूपी लावला जाणार नाही. मुख्य कार्यालयासमोर सध्या असलेला लाल-पिवळा ध्वज तो लावणाऱ्या संघटनांशी चर्चा करून, त्यांच्याच हस्ते, सन्मानाने उतरवून शहरातील योग्य जागी नेण्यात येईल. त्यासाठी लागणारा खर्च महापालिका करील. रिकाम्या झालेल्या जागी अन्य कोणताही ध्वज लावण्यास परवानगी दिली जाणार नाही. यापुढे महापालिकेच्या जागेत ध्वजस्तंभ उभारण्यापूर्वी सर्वसाधारण सभेची मंजुरी आवश्यक राहील.’

‘त्यांच्याच हस्ते’ हे शब्द कृपया गाळू नका. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापुरात लाल-पिवळा जाळला गेला, बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, आणि इथे अनगोळात कित्तूरचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस झाली. सगळे दोन-तीन दिवसांत घडले. म्हणून हे काम रात्री, पोलीस गाडी आणि क्रेन लावून करू नका. ज्यांनी झेंडा चढवला त्यांना दिवसाढवळ्या बोलवा, आधी त्यांच्या घरी जाऊन बोला, तुमच्यातल्या कन्नड नगरसेवकांनी पुढाकार घ्या. झेंडा घडी घालून नेला जाताना मराठी नगरसेवकांनी टाळ्या वाजवू नयेत आणि फटाके तर मुळीच फोडू नयेत. समितीने त्याच दिवशी जाहीर करावे की त्या जागी भगव्याचा आग्रह आम्ही सोडला आहे. हे आधी जाहीर झाले, तर समोरच्यांना पाऊल मागे घेणे सोपे जाईल, आणि नंतर झाले तर कुणाचाच विश्वास बसणार नाही.

मतदान आवाजी नको. हात वर करून, नावानिशी नोंद होऊन व्हावे, म्हणजे पुढच्या निवडणुकीत आम्हाला विचारता येईल. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, आणि ती विषयपत्रिका कन्नडबरोबर मराठीतही काढा. त्या दिवशी माग बंद ठेवून मी प्रेक्षक कक्षात येऊन बसेन.

आपला,
वडगावचा एक करदाता विणकर